दिवाळीनंतरच्या चुका

मास्तर, विषाच्या कपाटाची चावी आता माझ्या गळ्यात आहे. तुम्हाला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सध्या तू सांभाळ. बोटी सुरू झाल्या की काय ते कायमचं ठरवू." काळा गोफ तुमचाच आहे. घामाने कडक झालेला. मानेला टोचतो, पण बदलवत नाही.

बोटी सुरू व्हायला नारळी पौर्णिमा उजाडेल. तोवर समुद्र बंद आणि मी आत. घरून दादाचं पत्र आलंय. जळगावकडच्या कापसाच्या जिनात गाठींवर खुणा घालायची जागा रिकामी आहे, मालक ओळखीचा आहे, ये. मास्तर, गाठीवर चुकीची खूण पडली तर गाठ मरत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी ते पत्र रोज वाचतो.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वाचतोस ते ठीक. त्यात लिहिलेलं नाही ते काय आहे?"

हीच तुमची खोड. सहा वर्षांपूर्वी मी अलिबागला उतरलो तेव्हा मला एकवीस पुरी झाली होती. मराठी चौथीतून उठलेला, तापीकाठचा, समुद्राच्या आवाजाने रात्रभर जागणारा माणूस. मामाच्या ओळखीने दवाखान्यात तुमच्या हाताखाली कंपौंडरकी शिकायला लागलो. बाजारातली माणसं मला घाटी म्हणत. तुम्ही नाव विचारलंत, मी सुपडू म्हटल्यावर तुम्ही आत बघून हाक मारलीत, "डॉक्टरसाहेब, सूप आलंय. आता पाखडायला शिकवतो." मला राग आला होता. दादाच्या पाठची, माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून मला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं होतं, असं मी तुम्हाला फणकाऱ्याने सांगितलं. तुम्ही हसायचं थांबवलंत. "मग तू जगलास तो सुपामुळे का?" असं अगदी खरं विचारल्यासारखं विचारलंत. मी म्हटलं, आई तसं म्हणते. "आई म्हणते. बरं. आणि तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. शाळेत प्रश्न गुरुजींचा असे आणि उत्तर पुस्तकात. मधल्या मध्ये छडी माझी.

पहिलं काम तुम्ही दिलंत ते डोसांची पट्टी कापण्याचं. गिऱ्हाईक घरून बाटली आणतं, आपण औषध भरून बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवतो, एक दाता म्हणजे एक डोस. मी कागदाची घडी घातली, सहा सारखे दाते कापले, चिकटवले. छान दिसत होतं. तुम्ही बाटली हातात फिरवलीत. ती कुठल्या तरी पारशाच्या घरची सरबताची बाटली होती, खाली फुगीर, वर निमुळती.

"दाते सारखे कापलेस?"

"हो."

"बाटली सारखी आहे का?"

मी बाटलीकडे बघितलं. मग तुम्ही मला मापाचा ग्लास आणि पाण्याची घागर दिलीत आणि चहा प्यायला निघून गेलात. कसं करायचं ते सांगितलं नाहीत. मी एकेक डोस पाणी ओतत गेलो आणि काचेवर काजळीने खूण करत गेलो. खालचे दाते बुटके, वरचे उंच. अर्धी दुपार गेली. तुम्ही परत आलात, पट्टी बघितलीत, आणि म्हणालात, "पुढची."

बरोबर म्हणाला नाहीत. सहा वर्षांत कधीच म्हणाला नाहीत. फक्त पुढची.

मग तो रोजचा खेळ सुरू झाला. "दिवसातून एक चूक मी मुद्दाम करणार," तुम्ही म्हणालात. "कुठली बाटली ते सांगणार नाही. तू धरायची." चुकलेली बाटली तुम्ही बाहेर जाऊ देत नसा. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी बुचावर तळहात ठेवायचात आणि माझ्याकडे बघायचात. मी बोललो तर ठीक. नाही बोललो तर "थांबा हं" म्हणून आत नेऊन दुसरी भरून द्यायचात, आणि मला दुसऱ्या सकाळपर्यंतची मुदत. पहिले सहा महिने मी तळहातच बघत होतो. तुमच्या ते लक्षात आलं. मग तुम्ही बरोबर असलेल्या बाटल्यांवरही तळहात ठेवायला लागलात. किती चिडलो होतो मी!

"मास्तर, नियम सांगा ना सरळ. कशात काय घालायचं नाही त्याची यादी द्या. मी पाठ करीन. बरण्यांवरची इंग्रजी अक्षरं पाठ केलीच ना?"

"यादी आजवर जे घडलं त्याची असते, सुपडू. उद्या जी बाई येणार तिची यादी मी कुठून आणू?"

गिऱ्हाइकाला बाटली देताना तुम्ही एक प्रश्न हटकून विचारायचात: घरी बाटली कुठे ठेवणार? लोक हसत. काशिदचा एक कोळी म्हणाला होता, "कुठं म्हंजे? होडीत. चार दिस दर्यातच हाय मी." तुम्ही त्याला म्हणालात, "मग हलवून घे म्हणून सांगत नाही. तुझी बाटली दर्या हलवील." आणि त्याच्या मागे उभ्या म्हातारीला, जिची बाटली भिंतीतल्या देवळीत राहणार होती, तिला तुम्ही तीनदा हलवून दाखवलीत आणि तिच्याकडून तीनदा हलवून घेतलीत. दोघांना औषध एकच होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा समजलो की चिठ्ठी डॉक्टर लिहितो, पण औषध पुढे त्या घरातल्या फळीवर, त्या होडीच्या तळाशी तयार होत राहतं.

पण मास्तर, हे समजल्यावर माझं सुख गेलं, हेही सांगतो. जेवताना मला एखादी बाटली आठवे. रस्त्यात कुणी खोकलं तरी आपण काय भरून दिलं होतं ते मनात मोजू लागे. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, "असा संशय घेऊन माणूस जगणार कसा?" तुम्ही खल पुसत होतात. "संशय न घेता जगणाऱ्या कंपौंडरची गिऱ्हाइकं कशी जगणार ते आधी सांग." मी म्हटलं, हे उत्तर नाही, ही तुमची नेहमीची पळवाट आहे. तुम्ही म्हणालात, "बरं, मग राहू दे तो प्रश्न उघडा." तो अजून उघडाच आहे. तेवढं भांडण तुम्ही माझ्याशी पुरं करायला हवं होतं.

आता दिवाळीनंतरच्या त्या दिवसाचं बोलतो. ते आपण कधीच बोललो नाही.

नागावच्या एका वाडीतल्या म्हातारीचा मुलगा आला होता. आईला झोप नाही, अंगात ताकद नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीत दोन औषधं लिहिली: झोपेसाठी ब्रोमाइडचं मिक्श्चर आठ डोसांचं, आणि ताकदीसाठी काजऱ्याच्या विषारी बियांच्या सत्त्वाचे थेंब, तेही आठ वेळचे. मध्ये एक बारीक रेघ. रेघ म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत द्यायची. मुलाने बाटली एकच आणली होती. तुम्ही मिक्श्चर भरलंत, आणि माझ्या डोळ्यांदेखत थेंबांचं औषध त्याच बाटलीत ओतलंत.

मला आतून उकळी फुटली. ही आजची चूक! आणि किती सुंदर चूक. पहिल्याच वर्षी तुम्ही मला ती दाखवली होती. दोन्ही औषधं मापात बरोबर, एकत्र केली तरी डोस बरोबर, पाणी नितळ. पण ब्रोमाइड काजऱ्याचं सत्त्व हळूहळू पाण्याबाहेर ढकलतं, त्याच्या सुया होऊन तळाशी बसतात, आणि सात डोस सुखरूप जातात त्या बाटलीचा आठवा डोस म्हणजे नुसतं विष. "शेवटचा घोट कोण घेणार ते आधी बघ," असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात.

गर्दी होती. मी खलाकडे वळलो. परत बघितलं तर मुलगा बाटली घेऊन पायऱ्या उतरत होता. तुम्ही मधल्या वेळात बाटली बदलली असणार, असं मी धरून चाललो. मास्तर, धरून चाललो! पाच वर्षं तुमच्याजवळ बसून. उत्तर मी सकाळसाठी राखून ठेवलं. तुम्ही नवल कराल, कदाचित एकदा तरी बरोबर म्हणाल, म्हणून राखून ठेवलं.

सकाळी मी म्हटलं, "कालची धरली. नागावची. चिठ्ठीत रेघ आहे आणि तुम्ही दोन्ही एकत्र केलंत."

तुम्ही तारेला लावलेल्या चिठ्ठ्यांतून ती काढून घेतलीत. दारात उजेडात गेलात. नाकाजवळ धरलीत, लांब धरलीत, पुन्हा जवळ.

"कुठे आहे रेघ?"

मी बोट ठेवलं. तुम्ही माझ्या बोटाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "हां. आहे की." आणि तुमचा हात त्या चौकटीवर असा टेकला की मला सगळं कळलं. तळहात कालच्या बाटलीच्या बुचावर कधी पडलाच नव्हता.

भाड्याची सायकल घेऊन मी साखर गावच्या खाडीवरून नागावपर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. म्हातारी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. मी दारातूनच ओरडलो, "आजी, औषध घेतलं का?"

"दोन टाइम घेतलं. कडू लागलं म्हून आज सकाळचं न्हाय घेतलं. तू कोण रं? डाक्तरचा पोलीस काय?"

बाटली देवळीत होती. मी ती उजेडात तिरपी केली. तळाशी मिठाच्या कण्यांसारख्या बारीक सुया चमकत होत्या. सहा दाते शिल्लक होते. मी खाली बसलो, तिच्या सुपाऱ्यांच्या सालींत.

"औषध परत न्यायला आलेला कंपौंडर पैल्यांदाच बघते मी," म्हातारी म्हणाली. "आनि बाटली माजी हाय. बाटली कवा देशील?"

बाटली मी दिली नाही. दुसरी नेऊन दिली तर तिला आवडली नाही, गळा बारीक म्हणाली.

तुम्ही ती सुयांची बाटली घेतलीत, खिडकीत ठेवलीत, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालात, "परीक्षा होती. पास झालास."

सहा वर्षांत एकदाच तुम्ही मला पास म्हणालात, मास्तर, आणि तेही खोटं.

मी काय म्हणायला हवं होतं? डॉक्टरांना सांगायला हवं होतं. आजही वाटतं की सांगायला हवं होतं, आणि त्या वाटण्यातून मला सुटका नाही. पण सांगितलं असतं तर तुमची चावी गेली असती. तुम्ही मला भाकरी दिलीत, म्हणजे तुमच्या घरी चाचींनी, बाजरीची भाकरी मुद्दाम शिकून. पहिल्या पावसाळ्यात मी घरच्या आठवणीने आजारी पडलो तेव्हा तुम्ही उशाशी बसून मला बरण्यांची नावं उलटी विचारली होतीत, माझं रडणं थांबावं म्हणून. मी गप्प राहिलो. आणि गप्प राहिल्याबरोबर अडकलो. कारण आता तुमची प्रत्येक बाटली मला बघावी लागणार होती. एक दिवस मी रजेवर गेलो तर त्या दिवशीची बाटली कोण बघणार? दादाचं पहिलं पत्र तेव्हाच आलं होतं, पौषात. मी उलट लिहिलं, इथे जमत नाही निघायला. का ते लिहिलं नाही.

आठ महिने मी हसत हसत चुका धरल्या. "मास्तर, आजची ही ना? लोहाच्या जागी हे घेतलंत." तुम्ही मान डोलवायचात. "पुढची." कधी दिवसाला एक, कधी तीन. तीन झाल्या त्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "आज फार कठीण पेपर काढलात हो!" तुम्ही म्हणालात, "तू हुशार झालास म्हणून." मग आपण दोघं आपापल्या कामाला लागलो. दोन हातांच्या अंतरावर दोन माणसं, आणि मध्ये ती खिडकीतली बाटली. मला कधी कधी तुमचा इतका राग यायचा की मी मागच्या अंगणात जाऊन काचेच्या नळ्या ब्रशाने नुसत्या घासत बसे. मला कोंडलंत तुम्ही. शिकवून कोंडलंत. मी अडाणी राहिलो असतो तर मला काही दिसलं नसतं, आणि मी केव्हाच घरी गेलो असतो.

आषाढात तुम्हाला ताप भरला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, औषध मी केलं. तीनदा ताडून बघितलं, पट्टी पाणी ओतून कापली, घेऊन आलो. मला वाटलं, आता तुम्ही बाटली फिरवणार, दाते तपासणार, काहीतरी विचारणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही माझ्या हातातून डोस घेतलात आणि डोळे मिटून पिऊन टाकलात. न बघता. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाच्या हातचं पाणीसुद्धा उजेडात धरल्याशिवाय प्यायलं नाही त्याने! मी म्हटलं, "मास्तर, विचारा ना काहीतरी." तुम्ही म्हणालात, "बाटली कुठे ठेवणार?" आणि हसलात. चौथ्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या सुमाराला तुम्ही गेलात.

काल चाचींकडे गेलो होतो. त्यांनी मला बसवलं, भाकरी वाढली. मी खाली मान घालून जेवत होतो. त्या म्हणाल्या, "सुपडू, तुला एक सांगू का? तुझे मास्तर दिवाळीपासून एकही चूक मुद्दाम करत न्हवते."

घास माझ्या हातात राहिला.

"डोळे गेले होते त्यांचे. मला सांगायचे, मी एकही गणित घालत न्हाय, आणि पोर रोज सोडवतंय. मी म्हणायची, अल्लाच्या वास्ते सांगा की त्याला. तर म्हणायचे, सांगितलं तर भीतीने हात कापेल त्याचा. आता खेळ समजून धरतोय, बिनघोर धरतोय. खरं हाय कळलं तर भिईल आणि चुकेल." चाचींनी पदराने डोळे पुसले. "तुझ्यासाठी ठेवलं रे झाकून. तू राग धरू नको."

मी चाचींना काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो.

मला माहीत होतं, मास्तर. पहिल्या दिवसापासून. त्या चौकटीवर तुमचा हात टेकला तेव्हापासून. तुम्ही मला भीती वाटू नये म्हणून खेळ चालू ठेवलात आणि मी तुम्हाला लाज वाटू नये म्हणून खेळत राहिलो. आठ महिने दोघांनी एकमेकांसाठी तोंड मिटून काढले. एक शब्द बोललो असतो तर दोघेही मोकळे झालो असतो, डॉक्टरांना सांगून काही वाट निघाली असती, तुमचे डोळे कुणी मुंबईला दाखवले असते. हे तुमचं नि माझं दोघांचं चुकलं. ही चूक आपल्यापैकी कुणी धरली नाही.

पण काल परत येताना, बंदरावरून, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी तिथेच उभा राहिलो. लाटा धक्क्यावर आदळत होत्या, दोराने जखडलेल्या होड्या वर-खाली होत होत्या. तुम्हाला वाटलं होतं की खरं कळलं तर माझा हात कापेल. मला खरं कळलेलं होतं. प्रत्येक बाटली खरी आहे, चुकली तर माणूस मरणार आहे, आणि मागे कुणी तळहात ठेवणारं नाही, हे जाणून मी आठ महिने बाटल्या बघितल्या. भीती होती. रोज होती. हात कापला नाही.

तुमचं गणित तेवढं एक चुकलं, मास्तर. तुम्ही असतात तर मी सांगितलं असतं, आणि तुम्ही उजेडात धरून बघितलं असतंत.

आज सकाळी डॉक्टरांनी लिहिलेल्या एका चिठ्ठीवर मी अडलो. मूल दोन वर्षांचं आणि अफूच्या अर्काचा थेंब मला जास्त वाटला. आत जाऊन विचारलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "कासम मास्तरने शिकवलं का हे, आत येऊन उभं राहायचं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी चिठ्ठी घेतली, आकडा खोडला, दुसरा घातला. बाहेर येऊन मी मूल घेतलेल्या बाईला विचारलं, घरी बाटली कुठे ठेवणार? ती हसली.

दुपारी दादाला पत्र लिहिलं. जिनातली जागा दुसऱ्या कुणाला द्या. बोटी सुरू झाल्या की आठ दिवस येऊन आईला भेटून जाईन, आणि परत इथेच. डॉक्टरांनी मला घरी जायला रजा दिली तर त्या आठ दिवसांत बाटल्या कोण बघणार, हे अजून सुटलेलं नाही. ते सुटेपर्यंत आठ दिवसही नाहीत. तुमच्या सवयीने पत्र तीनदा वाचलं, चूक शोधली. सापडली नाही. म्हणजे नाहीच असं नव्हे, एवढं शिकलोय. चिकटवलं.

खिडकीतली सुयांची बाटली मी टाकलेली नाही. ती तिथेच राहील, उजेडात, जिथून मला दिसेल.

पाऊस जरा थांबलाय. पायरीवर कुणीतरी उभं आहे, हातात घरची रिकामी बाटली, खाली फुगीर, वर निमुळती. तुम्ही बरोबर म्हणणार नाही, हे मला आता चालेल.

पुढची.